मोतीबाग, सातपुड्याचा घाट आणि ८१५ नंबरचं गॅरट

पहिला दिवस : मोतीबाग

घाटात माल ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांची ओळख करून घ्यायची तर नागपूरकराला सुरुवात घरातच करता येते, आणि चार दिवसांच्या या सहलीचा शेवट दिल्लीत, गॅरट नावाच्या जोडइंजिनापाशी होतो. कामठी रोडवरचं मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ साली सुरू झालं. सकाळी तर्री-पोहे उरकून थेट इथे यावं. लहान मुलं टॉय ट्रेनकडे धावतात. आपण वाफेच्या इंजिनापाशी थांबायचं आणि रंगरंगोटीकडे दुर्लक्ष करून खाली वाकायचं. इंजिन वाचायचं ते चाकांपासून.

सातपुड्यातल्या या रेल्वेची रुंदी ७६२ मिलिमीटर. नागपूर ते छिंदवाडा हा फाटा १९१३ सालचा, तो २०१५ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाला. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आणि छिंदवाडा ६७५ च्या आसपास, म्हणजे मधे कुठेतरी गाडीला साडेतीनशे मीटरचा जिना चढावा लागतोच. तो चढ भंडारकुंड-भिमालगोंदीच्या पट्ट्यात आहे.

पहिली गोष्ट बघायची ती ही, की इंजिनाची फ्रेम, म्हणजे खालचा सांगाडा, चाकांच्या आत आहे की बाहेर. ७६२ मिलिमीटरच्या दोन रुळांमध्ये चाकं, फ्रेम आणि फायरबॉक्स (कोळसा जळतो ती पेटी) हे सगळं बसवायचं असतं. फ्रेम आत घेतली तर फायरबॉक्सला जागा उरत नाही. फायरबॉक्स अरुंद झाला की कोळसा जिच्यावर जळतो ती तळाची जाळी लहान, जाळी लहान म्हणजे कोळसा कमी जळणार, कोळसा कमी म्हणजे वाफ कमी. घाटातल्या इंजिनाची सगळी गोष्ट शेवटी या जाळीपाशी येऊन थांबते. हे गेजच्या लहान-मोठेपणाने फक्त ठळक होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणती चाकं जोडदांडीने एकमेकांना बांधली आहेत. इंजिनाच्या वजनापैकी फक्त बांधलेल्या चाकांवर पडलेलं वजनच ओढायला उपयोगी पडतं. पुढची छोटी चाकं वळणावर वाट दाखवतात, मागची फायरबॉक्सचा भार उचलतात, पण पकड त्यांच्याकडून मिळत नाही. पॅसेंजरच्या इंजिनाला मोठी आणि थोडी बांधलेली चाकं चालतात. मालाच्या इंजिनाला लहान आणि जास्त लागतात. ब्रॉडगेजवरची जोडी घ्या : पॅसेंजरच्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचं चाक ५ फूट ७ इंच, बांधलेली सहा. मालाच्या डब्ल्यूजी वर्गाचं ५ फूट दीड इंच, बांधलेली आठ. दट्ट्याचा जोर तोच असला तरी चाक लहान झालं की रुळावर पडणारी ओढ वाढते. वेग मात्र कमी होतो, आणि मालगाडीच्या घाटाला त्याची गरजही नसते.

तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत : वाळूची पेटी. बॉयलरवरच्या घुमटासारख्या भागात किंवा चाकांच्या वर बाजूला असते, आणि तिथून बारीक नळी चाकाच्या अगदी पुढ्यात रुळापर्यंत उतरते. या नळीचं तोंड रुळाच्या मधोमध आहे का ते पाहा. बोटभर सरकलं तरी वाळू खडीत पडते.

संध्याकाळी नागपूर स्टेशन. १९२५ साली सुरू झालेल्या या दगडी इमारतीसमोर फोटो काढायचे तर काढा, पण उद्याच्या प्रवासाचं तिकीट आधी हातात ठेवा. इटारसीकडे जाणारी, दिवसाउजेडी घाट पार करणारी आणि पांढुर्णा, आमला ही स्टेशनं घेणारी गाडी लागते. झपझप निघून जाणाऱ्या सुपरफास्टमधून घाट कळत नाही.

दुसरा दिवस : काटोल, पांढुर्णा आणि चिचोंड्याचा चढ

काटोल, नरखेडपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. इथे चढ आहे पण तो अंगावर येत नाही. खरं काम पांढुर्ण्यानंतर सुरू होतं. तीगाव, घुडनखापा, चिचोंडा अशी स्टेशनं लागतात आणि या टप्प्यात गाडी पठारावर चढते. पुढे मुलताई, म्हणजे तापीचा उगम. पाण्याची वाटणी जिथे होते तिथेच रेल्वेला जावं लागलं, यात नवल नाही.

घाट म्हटलं की मुंबई-पुण्याकडच्यांना भोर घाटच दिसतो. १८६३ चा तो घाट, ३७ ला १ चा चढ (३७ मीटर गेलं की १ मीटर वर), आणि त्यानंतर दोन वर्षांनी थळ घाट. त्या मानाने इटारसी-नागपूर मार्ग बराच उशिरा, १९२० च्या दशकात पुरा झाला. तोपर्यंत इंजिनं दणकट झाली होती आणि बांधणाऱ्यांना पूर्वीच्या घाटांचा अनुभव होता. भोर-थळात १९२९-३० मध्ये वीज आली, वाफेचं राज्य तिथे लवकर संपलं. सातपुड्यात ते पुढची कित्येक दशकं चाललं. म्हणून वाफेवर माल चढवण्याचा अभ्यास करायचा तर हा घाट जास्त बोलका आहे, असं आमचं मत.

आता आकडे. चढ ८० ला १ असेल तर प्रत्येक टनामागे साडेबारा किलो ओढ फक्त उंचीवर नेण्यासाठी लागते. १०० ला १ असेल तर दहा किलो. त्यात चाकांच्या घर्षणाचे जुन्या साध्या बेअरिंगच्या वाघिणींसाठी (मालडब्यांसाठी) टनामागे अंदाजे तीन किलो मिळवा. १,००० टनांची गाडी आणि डब्ल्यूजी इंजिन टेंडरसह (मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीसह) १७५ टन धरलं, तर ८० ला १ वर सुमारे १८,२०० किलो ओढ हवी. डब्ल्यूजीची कागदावरची ओढ ३८,८९० पौंड, म्हणजे १७,६४० किलो. अडकली गाडी. तीच गाडी १०० ला १ वर १५,३०० च्या आत राहते आणि निघून जाते. वळण आलं की प्रत्येक अंश वक्रतेमागे टनाला आणखी ०.४ किलो, म्हणून चढाच्या वळणावर रेल्वे मुद्दाम चढ थोडा कमी करते.

१७,६४० किलो हा आकडाही सशर्त आहे. डब्ल्यूजीच्या आठ चाकांवर, म्हणजे चार ॲक्सलवर, प्रत्येकी साडेअठरा टन, मिळून ७४ टन. कोरड्या, स्वच्छ रुळावर या वजनाच्या पाव हिस्सा किंवा थोडी जास्त पकड मिळते आणि काम भागतं. श्रावणातल्या रिपरिप पावसात रूळ ओला, वर पानांचा आणि तेलाचा थर, अशा वेळी पकड पाचव्या हिश्शावर येते : १५ टन. आता रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) कितीही उघडा, चाक जागच्या जागी गरगर फिरणार. मुसळधार पावसापेक्षा ही रिपरिपच जास्त त्रास देते, कारण मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो.

चाक घसरलं की तीन नुकसानं एकदम होतात. एक, धुराड्यातून वाफेचे फटके इतक्या वेगाने बसतात की जाळीवरची आग उचलली जाते, तिच्यात भोकं पडतात, थंड हवा आत घुसते आणि दाब पडतो. दोन, जोडदांड्यांवर अचानक ताण येतो, तो चाक परत पकडतं तेव्हा तर सर्वात जास्त. तीन, रुळावर जळका खड्डा पडतो. उपाय एकच : रेग्युलेटर लगेच आवळायचा, चाक थांबू द्यायचं, मग वाळू सोडून हळूच उघडायचा. चाक फिरत असताना वाळू टाकली तर पकड झटक्याने येते आणि दांडी वाकते. वाळू कोरडी, चाळलेली असावी लागते. लोको शेडमध्ये त्यासाठी वाळू भाजायची भट्टी असे. ओलसर वाळू नळीत बसते आणि एका बाजूची नळी चोंदली तर एकाच रुळावर वाळू पडते, पकड एकीकडची, आणि ॲक्सलला पीळ बसतो. चांगला ड्रायव्हर घाटाच्या पायथ्याला थांबून दोन्ही नळ्या चालतात का हे पाहिल्याशिवाय निघत नसे.

ओढीइतकाच वाफेचा प्रश्न असतो. ताशी २० किलोमीटरला १७,६४० किलो ओढ म्हणजे सुमारे १,३०० अश्वशक्ती, आणि ती सलग देत राहायची. डब्ल्यूजीची जाळी ४६ चौरस फूट. चौरस फुटाला तासाला १०० पौंड कोळसा हा जोरकस कामाचा ढोबळ हिशेब धरला तर तासाला दोन टनांहून थोडा जास्त. फावड्यात सात किलो बसतो असं माना, म्हणजे तासाला तीनशे फावडी, मिनिटाला पाच. हे सगळं हातानं, हलणाऱ्या पायाखालच्या पत्र्यावर उभं राहून. म्हणूनच ड्रायव्हरबरोबर दोन फायरमन असत. एक आग सांभाळतो, दुसरा टेंडरमधला कोळसा फोडून पुढे ओढतो.

आग जाड ठेवायची नाही. आपल्याकडच्या कोळशात राख फार, ती वितळून जाळीवर थापीसारखी बसते. तिलाच क्लिंकर म्हणतात. क्लिंकर बसला की खालून हवा येत नाही, वर कितीही कोळसा टाका, धूरच होतो. मागचे दोन कोपरे भरलेले, मधला भाग पातळ, दर खेपेला थोडा कोळसा आणि मधे दार बंद. धुराड्याकडे पाहिलं तर कळतं : फिकट राखाडी धूर म्हणजे आग बरोबर, काळा म्हणजे कोळसा वाया, आणि धूरच नाही म्हणजे आगीत भोक.

पाणी? एक किलो कोळशाला अंदाजे सहा किलो पाण्याची वाफ धरली तर तासाला बारा-साडेबारा हजार लिटर. टेंडरमध्ये ५,००० गॅलन, म्हणजे २२,७०० लिटर. पूर्ण जोरात दोन तासही पुरत नाही. म्हणून घाटाच्या पायथ्याला पाण्याचा खांब लागे.

जड मालगाडीला आजही बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लागतो. पांढुर्णा-आमला पट्ट्यात तो बघायला मिळाला तर दिवस सार्थकी. दुसरं इंजिन पुढेच का लावत नाहीत, असं लोक विचारतात. पुढच्या इंजिनाच्या आणि पहिल्या वाघिणीच्या मधल्या कपलिंगवर अख्ख्या गाडीची ओढ येते. दोन्ही इंजिनं पुढे लावली की ती दुप्पट. मागून ढकललं की कपलिंगवरचा ताण वाटला जातो, आणि कुठे कपलिंग तुटलंच तर तुटलेला भाग घाटातून मागे पळत नाही, बँकर त्याला धरून ठेवतो. मात्र मागच्याने जरुरीपेक्षा जास्त ढकललं तर वळणावर मधली रिकामी वाघीण दाबली जाऊन रुळावरून उचलली जाते. वाफेच्या काळात दोन ड्रायव्हरांमध्ये वायरलेस नव्हता, शिटीच होती. पुढच्याने रेग्युलेटर आवळला आणि मागच्याला कळलं नाही, की हमखास गोंधळ.

मुक्काम आमल्याला. इथून परासियाकडे, पेंचच्या कोळशाच्या पट्ट्याकडे फाटा जातो. राहण्याची सोय बरी हवी असेल तर पुढे बैतूल गाठावं.

तिसरा दिवस : मरामझिरी ते धाराखोह, आणि इटारसी

बैतूल सोडलं की मरामझिरी. तिथून धाराखोहपर्यंत आपण उतरतो. नागपूरकडे येणारी मालगाडी हाच टप्पा चढते आणि तिला इथे बँकर लागतो. गाडीत डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांची सोय ठेवा, बोगदे आणि दऱ्या आलटून पालटून येतात. दारात उभं राहू नका, रुळावर उतरू नका.

चढापेक्षा उतार अवघड. चढाच्या माथ्यावर वाफेच्या इंजिनाला एक धोका असतो जो वीज-डिझेलवाल्यांना माहीतच नाही. बॉयलर आणि फायरबॉक्स मिळून सात मीटर लांब धरा. ८० ला १ चढताना पाणी मागे, फायरबॉक्सकडे सरकतं, आणि कॅबमधल्या गेज ग्लासमध्ये (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत) भरपूर पाणी दिसतं. माथा ओलांडून इंजिन तितक्याच उताराला लागलं की पाणी पुढे जातं आणि फायरबॉक्सच्या टोकाला पातळी जवळजवळ ९ सेंटिमीटरने खाली येते. त्यात भर म्हणून याच क्षणी ड्रायव्हर रेग्युलेटर बंद करतो. उकळत्या पाण्यातले बुडबुडे बसतात आणि पातळी आणखी उतरते. फायरबॉक्सचं छत उघडं पडलं तर तांबं किंवा पोलाद काही मिनिटांत मऊ होतं. त्या छतात शिशाचा लेड प्लग असतो, शिसं ३२७ अंशाला वितळतं, वाफ खाली आगीवर येते आणि फायरमनला कळतं की फार उशीर झाला. एरवी २१० पौंड दाबाला पाण्याचं तापमान २०० अंशांच्या आसपासच असतं, म्हणजे छतावर पाणी असेपर्यंत प्लगला काही होत नाही. म्हणून माथ्याच्या आधीच इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) लावून पाणी चढवायचं. अति चढवलं तर पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं, आणि पाणी दबत नसल्याने सिलिंडरचं झाकण फुटतं. दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे.

रेग्युलेटर बंद करायच्या आधी ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून ओढा टिकवणारी झडप) उघडायचा, हा क्रम चुकवायचा नाही. धुराड्यातला ओढा थांबला की आग दारातून कॅबमध्ये येते. बोगद्यात तर नक्कीच.

उतरताना व्हॅक्यूम ब्रेक : नळीतली हवा काढलेली असली की ब्रेक सुटा, हवा आत आली की तो लागतो. २१ इंच व्हॅक्यूम बनवून ठेवायचं आणि थोडं थोडं घालवत वेग धरायचा. सतत ब्रेक लावून ठेवला तर ब्रेकचे ठोकळे तापतात, पकड जाते, आणि चाकावर गरम करून चढवलेली पोलादी धाव सैल होते. ती सैल झाली की चाकच निकामी. घाटाच्या खालच्या स्टेशनापाशी कॅच सायडिंग पाहा : चढणीकडे जाणारी एक आंधळी लाईन. स्टेशनकडे ८० ला १ पेक्षा तीव्र उतार येत असेल तर ती लागते, आणि सुटलेली गाडी स्टेशनात घुसण्याऐवजी तिच्यात जाते. उलट, स्टेशनातून बाहेर १०० ला १ पेक्षा तीव्र उतार असेल तर स्लिप सायडिंग, म्हणजे स्टेशनातून निसटलेली वाघीण पुढच्या स्टेशनाकडच्या मार्गावर जाऊ नये म्हणून. ही दोन नावं रेल्वेवाल्यांच्याही तोंडी उलटसुलट होतात.

घोडाडोंगरीनंतर रान सपाट होत जातं. इटारसीत जेवण उरकून रात्रीची दिल्ली गाडी धरावी.

चौथा दिवस : दिल्ली, चाणक्यपुरी

राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं आधी जुळवून घ्या. बाकी सगळं नंतर, आधी ८१५ नंबर शोधायचा. बंगाल-नागपूर रेल्वेचं एन वर्गाचं गॅरट, मँचेस्टरच्या बेयर पीकॉकने बांधलेलं. आपल्या शहराचं नाव मिरवणाऱ्या कंपनीचं सर्वात जड इंजिन बघायला नागपूरकराला दिल्लीला यावं लागतं. या वर्गाची इंजिनं धावली मात्र पूर्वेकडच्या टोकाला, चक्रधरपूरच्या बाजूला, कोळसा आणि खनिज ओढत.

लांबून पाहिलं तर दोन इंजिनं पाठीला पाठ लावून उभी आणि मधे एकच बॉयलर टांगलेला. हर्बर्ट विल्यम गॅरट यांची ही कल्पना, पेटंट १९०७ च्या सुमाराचं. भारतात पहिलं गॅरट १९११ मध्ये दार्जिलिंगच्या डोंगरात आलं. बंगाल-नागपूरने १९२५ मध्ये दोन घेऊन पाहिली आणि मग १९२९ पासून एन वर्गाची सोळा मागवली.

याची खुबी मधल्या भागाखाली आहे. वाकून पाहा : बॉयलरखाली चाकंच नाहीत. त्यामुळे बॉयलर जाड आणि आखूड करता आला, फायरबॉक्स रुंद आणि खोल, राखपेटी मोकळी. जाळी ७० चौरस फुटांच्या घरात, डब्ल्यूजीच्या दीडपट. बॉयलर आखूड, म्हणून उतारावर पाण्याची पातळी कमी हलते. वजन २३४ टन, पण ते सोळा बांधलेल्या चाकांवर आणि पुढच्या-मागच्या छोट्या चाकांवर पसरलेलं असल्याने कोणत्याही ॲक्सलवर सतरा टनांच्या आसपासच. पूल आणि रूळ न बदलता ओढ मात्र ६९,६५५ पौंड. चार सिलिंडर, साडेवीस इंच व्यासाचे, २६ इंच फेऱ्याचे (दट्ट्या इतका सरकतो), चाक ४ फूट ८ इंच. याच काळातलं एक्सई हे एकाच सलग सांगाड्याचं इंजिन घ्या : ४८,०८६ पौंड ओढीसाठी त्याला साडेबावीस टनांचा ॲक्सल लागला, म्हणजे ते मोजक्याच मार्गांवर जाऊ शकलं.

दोषही इथेच दिसतात. पाण्याची मोठी टाकी पुढच्या चाकांवर, कोळसा मागच्यांवर. जसजसं पाणी संपतं, पुढचा जोडगट (बांधलेल्या चाकांचा गट) हलका होतो आणि नेमका घाटाच्या वरच्या टोकाला, जिथे पकड हवी तिथेच, घसरू लागतो. रेग्युलेटर दोन्ही गटांना मिळून एकच. एक गट घसरला की दोघांचीही वाफ तोडावी लागते. मधल्या बॉयलरकडून दोन्ही हलत्या गटांकडे जाणाऱ्या वाफेच्या नळ्यांना गोल सांधे असतात. ते झिजले की गळती लागते, आणि कॅबमधून तर समोरची टाकी आड येत असल्याने पुढच्या सांध्याची गळती लवकर कळतही नाही. जिथे बॉयलरची चौकट गटावर टेकते ती खुंटी नीट बघा. तिला वंगण कमी पडलं किंवा रुळाची धूळ शिरली तर गट वळणावर सहज फिरत नाही आणि चाकांच्या कडा एका बाजूने झिजतात.

जवळच विजेचं डब्ल्यूसीजी-१ उभं आहे, भोर-थळ घाटात वाफेची जागा घेणारं, मधून वाकणारं इंजिन. दोघांची आखणी शेजारी शेजारी पाहण्यासारखी आहे : अंग लांब, वळण अवघड, मग कंबर लवचीक करा.

१९५० पासून डब्ल्यूजी यायला लागली आणि १९७० पर्यंत २,४५० झाली. अशी दोन जोडली की ७७,७८० पौंड, गॅरटपेक्षा जास्त. माणसं दुप्पट लागतात हे खरं, पण घाट संपल्यावर जोडी सोडून दोन वेगळ्या गाड्यांना लावता येते, आणि एखादा सुटा भाग बिघडला तर तो देशातल्या कुठल्याही शेडच्या भांडारात सापडतो. सोळा इंजिनांच्या वर्गाचा गोल सांधा मात्र मोजक्याच शेडमध्ये मिळायचा.